सुमनचं माप

सुमनला दोरा दातानं तोडायची सवय होती. कात्री मांडीला लागून पडलेली असली तरी दातच लावायची. मी सतरा वेळा रागावलो असेन. ती तिच्या अहिराणीत म्हणायची, "कात्री उचलस तवलोंग दुसरा हूक लागी जास, नाना." आणि ते खरं होतं. हूक लावायला आणि तुरपाई करायला तिच्यासारखा हात मी धुळ्यात दुसरा पाहिला नाही. मी पन्नासच्या वर वर्षं बायकांची पोलकी शिवतो आहे, म्हणजे मला बोलायचा हक्क आहे.

मी चौथी शिकलो. लिहिताना चुका होतील त्या नात सुधारणार आहे. पण मजकुरात हात घालायचा नाही असं तिला बजावलं आहे, कारण हे मलाच सांगायचं आहे.

सुमन माझ्या दुकानात आली तेव्हा पॅन्ट-शर्ट घालायची, वय बावीस-तेवीस. पारोळ्याकडचं गाव, वडील वारलेले, आई आणि थोरला भाऊ शेतावर. तेव्हा तिचं नाव दुसरं होतं. ते मी इथे लिहीत नाही. बारा वर्षं मी तिला त्याच नावानं हाका मारल्या, पुढची दोन वर्षं तिनं नको सांगितल्यावरही मारल्या. तेवढ्या पुरे झाल्या. सुमन हे नाव तिच्या आईनं मुलगी होईल म्हणून आधीच योजून ठेवलं होतं. मुलगी झाली नाही असं सगळ्यांना वाटलं आणि नाव तसंच राहिलं. "रिकामं पडेल व्हतं, मी लिधं," असं ती हसून सांगायची.

बोलणं थोडं, हसणं फार. सकाळी आल्यावर मशीनला तेल घालायची आणि त्याच्याशी बोलायची, "काय बाई, आज तरी नीट चालशील का?" डब्यात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर आणि लाल मिरचीचा ठेचा. चहा बशीत ओतून, आवाज करून प्यायची. गिऱ्हाईक बाई कितीही जाड असो, वाकडी असो, तिच्या अंगाबद्दल सुमननं कधी कोणापुढं एक शब्द काढला नाही. शिवणाऱ्या माणसाला हे पाळावं लागतं, पण आम्ही पुरुष कारागीर पाळत नव्हतो. बाई पायरी उतरली की आमची तोंडं सुटायची. सुमन तेव्हा मशीन जोरात चालवायची.

एकदा एक शिक्षिका आल्या. गाठीमुळं त्यांच्या छातीची एक बाजू ऑपरेशन करून काढलेली होती. कसं सांगावं त्यांना कळेना, कसं विचारावं मला कळेना. मी नुसता कापडाचा पोत बघत राहिलो. सुमननं त्यांना आत नेलं, माझ्या बायकोला सोबत घेतलं, आणि पाच मिनिटांत सगळं समजून घेऊन आली. मग तिनं पोलक्यात त्या बाजूला बसवायला मलमलच्या दोन घड्यांची एक पिशवी शिवली आणि त्यात बारीक मोहरी भरली. तळहातावर तोलायची, चिमूटभर काढायची, पुन्हा तोलायची. मी विचारलं, "कापूस का नाही भरत?" म्हणाली, "कापसाले वजन नही, नाना. वजन नसलं तर एक खांदा वर उचली जास. बाई वाकडी चालस."

महिन्यानं त्या शिक्षिका पेढे घेऊन आल्या. माझ्या पाया पडायला लागल्या. "नाना, तुमचे उपकार," म्हणाल्या. मी पेढा घेतला, उपकारही घेतले. सुमन समोरच हूक लावत बसली होती. "हिनं केलं," एवढे दोन शब्द माझ्या तोंडून आले नाहीत. तिनं मान वर केली नाही. नंतर मी पेढा पुढं केला तर म्हणाली, "गोड शे." बस.

माझ्या नजरेचं मला फार कौतुक होतं हे सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. बाई दुकानाची पायरी चढली की माझ्या डोक्यात आकडे तयार. छाती, कंबर, पाठ, बाही. टेप गळ्यात असायचा तो शोभेला. लोक म्हणायचे, "नानांची नजर म्हणजेच टेप." हे ऐकून ऐकून मी फुगलो होतो.

सुमननं जळगावला जायला सुरुवात केली ती साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी. पहिल्यांदा कोणा मनाच्या डॉक्टरांकडं, मग एका डॉक्टरीणबाईंकडं. दर थोड्या महिन्यांनी रक्त तपासायचं, गोळ्या घ्यायच्या. मला वाटलं, साखर निघाली असेल. मी विचारलं नाही.

मग एक दिवस लग्नसराईत मी कापडाचा ताका उचलून तिच्याकडं फेकला, नेहमी फेकतो तसा. तो छातीला लागला आणि ती एकदम कळवळून खाली बसली. डोळ्यांत पाणी. मी घाबरलो. ती छातीच्या डाव्या अंगाला हात दाबून धरत होती.

"काय झालं रे? गाठ आहे का तिथं?"

"शे."

"अरे मग दाखव कोणाला! त्या शिक्षिकेचं पाहिलंस ना? हयगय करू नको."

ती रडता रडता हसायला लागली. "नाना, ती गाठ डॉक्टरीणबाईनीच दिधेल शे. आधी डाव्या अंगले उनी. आते उजवीकडं येई ऱ्हायनी."

मग तिनं सांगितलं. दुकानात तेव्हा आम्ही दोघंच होतो. लहानपणापासून ती स्वतःला मुलगी समजत आली होती, आता औषधानं शरीर त्या बाजूला वळत होतं. वयात येणाऱ्या पोरीला जशी आधी बोराएवढी गाठ येते, हुळहुळते, दुखते, तशी तिला चौतिसाव्या वर्षी आली होती. "डॉक्टरीणबाई सांगस, दोन-तीन वरीस लागतील. अन् शेवटी किती व्हई, ते कोणीच सांगू शकत नही." चाळीसगावच्या तिच्या एका मैत्रिणीनं लवकर व्हावं म्हणून औषधाच्या दुकानातून दुप्पट गोळ्या आणून खाल्ल्या होत्या. तिच्या पायात रक्त गोठलं, मरता मरता वाचली. सुमन म्हणाली, "माले घाई नही. थोडं शे, पण मन्हं शे."

तेव्हा तिचा चेहरा मी पाहिला. मोहरी तोलताना असायचा तसाच, नीट लक्ष देऊन पाहणारा. आणि मी काय बोललो? "गिऱ्हाइकांपुढं काही दिसू देऊ नको म्हणजे झालं."

दिसायला लागलं. शर्ट ढगळ घातला तरी शिवणाऱ्याच्या दुकानात येणाऱ्या बायकांची नजर कापडाखाली जातेच. कोणी कोपरानं कोणाला ढोसायचं. एका बाईनं मला मोठ्यानं विचारलं, "नाना, तुमच्या कारागिराला ब्लाउज लागतं वाटतं आता?" सगळ्या हसल्या. मीही हसलो. सुमनसुद्धा हसली आणि म्हणाली, "लागीन तं नानाच शिवतीन." पण तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी तिचं मशीन माळ्यावर नेलं. खाली गर्दी होते, असं कारण दिलं. माळा असा बुटका की उभं राहता येत नाही. "नाना," ती म्हणाली, "तठे वाकून बसनं पडस. वाकलं का दुखस."

"पंखा लावून देतो," मी म्हटलं.

दुखण्यावर पंखा! पण मी लावून दिला, आणि आपण किती करतो असंही मनात आलं. दीड वर्ष ती शिडी चढून माळ्यावर बसली. खाली मला फक्त मशीनचा आवाज यायचा.

आता कानबाईचं. आमच्या खानदेशात श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसवतात. नारळाला देवीचं रूप देतात, तिला नेसवतात, दागिने घालतात, दुसऱ्या दिवशी नाचत गाजत नदीवर नेतात. भाऊबंद कुठंही असोत, त्या दिवशी गावी येतात. रोटांचा जो नैवेद्य असतो त्याला गहू मुठीनं मोजून घेतात, घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं. तो रोट घरच्यांनीच खायचा, बाहेरच्याला द्यायचा नाही. सुमन सहा वर्षं गावी गेली नव्हती. घरी खरं सांगितल्यापासून भाऊ येऊ देत नव्हता. पण आईनं तिच्या नावाची मूठ कधी चुकवली नव्हती.

त्या साली आईचा फोन आला. सुमन शिडीवरून धावतच खाली आली, मला वाटलं पडते. "नाना, माय सांगस, यंदा कानबाईले ये. जशी शे तशी ये!"

"आणि भाऊ?"

तिनं शिडीचा दांडा धरला. "दादा सांगस, खरं असलं तं ये. सोंग करीसन येऊ नको. सोंग दिसलं तं दारातूनच परत लावसू." मग पुन्हा हसली. "माय पुसत व्हती, तुन्हा नावनी मूठ काढू का? मी सांगं, नको. मी आते पोर शे. मन्ही मूठ दादाना आंडोरना नावे टाक." भावाच्या मुलाच्या नावानं टाक म्हणाली. बाईची मूठ काढत नाहीत. मिळत होतं ते तिनं स्वतःहून सोडलं.

आईनं बसमधून येणाऱ्या कोणाच्या हाती एक कापड पाठवलं होतं. आंब्याच्या पानाच्या रंगाचं, बारीक जरीचा काठ. सुमननं ते माझ्या टेबलावर ठेवलं, समोर उभी राहिली आणि दोन्ही हात अंगापासून थोडे लांब धरले. बायका धरतात तसे.

"नाना, मन्हं माप ल्या."

आमच्यात कारागीर आपलं पोलकं आपण बेतत नाही. आपल्या पाठीचं माप आपल्याला घेता येत नाही, दुसऱ्याकडूनच घ्यावं लागतं. पण तिला तेवढंच नको होतं हे मला तेव्हाही कळत होतं. धुळ्यातल्या नवऱ्या मुली ज्या जागेवर उभ्या राहिल्या त्या जागेवर तिला उभं राहायचं होतं. दुकानात दोन बायका होत्या. त्या बघत होत्या.

मी टेपाला हात लावला नाही. म्हटलं, "चौदा वर्षं तुला बघतोय. तुझं माप मला कशाला घ्यावं लागतं? माझ्या नजरेत आहे."

"नाना, आते बदलेल शे."

"जा. गर्दीचे दिवस आहेत. मी शिवतो म्हटलं ना? तू हात लावायचा नाहीस."

तिचे हात हळूहळू खाली आले.

मी शिवलं. रात्रंदिवस गिऱ्हाइकांचं काम असताना तिचं आधी घेतलं, ते मी मोठेपणा म्हणून. तरुणपणी मी जत्रेत नाचणाऱ्या पुरुषांची पोलकी शिवली होती. आत चिंध्यांचे गोळे भरून वर अस्तर लावायचं. माझं पोलकं घातलेला नाच्या पहिल्या रांगेतल्या माणसालाही ओळखू यायचा नाही, असं माझं नाव होतं. सुमनचं मी तसंच केलं. कापडाचा बेत पुरुषाच्या सपाट छातीचा, माझ्या नजरेतल्या जुन्या मापाचा, आणि आत स्पंजच्या दोन वाट्या टाचलेल्या. तिच्या अंगावर खरोखर काही असेल हे माझ्या मनानं धरलंच नव्हतं. तिनं गाठीचं सांगितलं होतं, ताका लागल्यावर ती माझ्यापुढं कळवळली होती, तरीही. मला वाटलं भाऊ पारखायला बसलेला आहे, तर सोंग पक्कं हवं. तिला न सांगता तिची लाज राखतो आहे, अशा गुर्मीत मी शेवटचा हूक लावला.

ती शनिवारी दुपारी निघाली. बस गाठायची होती. मी पोलकं कागदात बांधून हातात दिलं. "ट्रायल घेऊ का?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "माझ्या शिलाईला ट्रायल लागत नाही." ती माझ्या पाया पडली.

मंगळवारी परत आली. पॅन्ट-शर्टात. दुकान उघडून मी नुकती उदबत्ती लावली होती. तिनं ते पोलकं टेबलावर ठेवलं. बाजूची शिवण उसवलेली, हूक तुटलेले. शेजारी दोन स्पंजच्या वाट्या ठेवल्या, एकीवर एक.

सांगितलं तिनंच, हळू आवाजात, जणू दुसऱ्या कोणाचं सांगते आहे. मधल्या घरात वहिनी आणि काकू तिला तयार करत होत्या. कागद तिनं तिथंच पहिल्यांदा सोडला. पोलकं छातीवर चढेना. दुखत होतं तरी तिनं श्वास कोंडून ओढलं. काकूनं जोर लावला, शिवण फाटली, आणि वाटी निसटून काकूच्या हातात आली. काकूनं आधी बघितलं, मग ओरडली, "ओ माय, नाच्यानं पोलकं शे हाई!" बायका हसल्या. भाऊ दारात आला. काकूनं वाटी त्याला दाखवली.

"दादा काय म्हणाला?" मी विचारलं.

"बठ्ठं सोंग शे, म्हणे. देखा, आतून स्पंज निंघना." तिनं वरची वाटी बाजूला सरकवली. "मी सांगं, दादा, हाई मन्हं नही. मी नही टाकं. त्यानी ऐकं नही."

आईनं सगळ्यांना बाहेर काढलं, दार लावलं, आणि लेकीला स्वतः पाहिलं. दोन वर्षांत जे आलं होतं ते पाहिलं. म्हातारी म्हणाली, "आपला घरमा बठ्ठ्या बायास्नं इतलंच शे." घरातल्या सगळ्याच बायकांचं एवढंच, म्हणून तिनं आपलं जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं पोलकं लेकीच्या अंगात घातलं. पण भाऊ ऐकेना. आईचा शब्द घरात चालत नव्हता. कानबाईला सुमननं हात लावायचा नाही, रोट खायचा नाही, असं ठरलं. मूठ तिनं स्वतःच सोडली होती, आता लेक म्हणूनही पंगतीत जागा नव्हती. दोन दिवस ती ओट्यावर बसून राहिली. सोमवारी सगळं गाव वाजत गाजत नदीवर गेलं तेव्हा तिनं घर झाडून काढलं आणि बस धरली.

हे सगळं सांगून ती माझ्याकडं बघत राहिली. मी काहीतरी बोलावं म्हणून बघत होती.

मी म्हटलं, "तू ट्रायल घ्यायला हवी होतीस."

आजवर पुष्कळांना टाकून बोललो, बायकोला, पोरांना, गिऱ्हाइकांना. त्यातलं बरंचसं विसरलो. हे वाक्य विसरायला होत नाही. त्यावर ती रागावली नाही. माळ्यावर गेली, आपली कात्री, अंगठीसारखं घालायचं अंगुस्तान आणि मशीन पुसायचं फडकं घेऊन खाली आली. "पंखा तुमचा शे, तठेच ठेवेल शे," म्हणाली. आणि गेली.

जळगावला गेली असं कळलं. तिनं दुकान काढलं, बायका रांग लावतात, असंही कळलं. मी तीन वर्षं गेलो नाही. ती येईल, असं मनात धरून बसलो होतो. माझ्याकडं कारागीर परत येतात, मी कोणाकडं जात नाही, असा माझा खाक्या. मग डोळ्याच्या ऑपरेशनसाठी जळगावला जावं लागलं. पट्टी निघाल्यावर मुलाला म्हटलं, रिक्षा सुमनच्या दुकानाकडं घे, आणि तू खालीच थांब.

लहानसं दुकान, पहिल्या मजल्यावर. बाहेर बाकावर दोन नवरे पिशव्या घेऊन बसले होते. मी त्यांच्याशेजारी बसलो. आतून तिचा आवाज आला, "पोट आत घेऊ नका, ताई. श्वास सोडा. आहे तेवढंच लिहायचं." एक बाई हसली. सुमनही हसली.

पडदा सरकला. ती बाहेर आली, गळ्यात टेप, कानावर पेन्सिल, साधी सुती साडी. मला बघून थबकली. माझे डोळे नवे झाले होते, आणि सवय जात नाही, मी तिचं पोलकं पाहिलं. एक सुरकुती नव्हती. डाव्या बाजूचा टक, म्हणजे उभाराला जागा देणारी चूण, उजव्यापेक्षा अर्ध्या बोटानं मोठा होता. कोणीतरी दोन्ही बाजूंचं माप वेगवेगळं घेतलं होतं. मी आयुष्यात कुठल्याच बाईचं तसं घेतलं नाही. एका बाजूचं घ्यायचं, दुसरी तेवढीच धरायची, अशी माझी रीत.

"नाना, कधी आलात? डोळा कसा आहे?" ती शुद्ध बोलत होती, गिऱ्हाइकाशी बोलतात तसं. माझ्याशी ती असं कधी बोलली नव्हती.

"बरा आहे." बाकावरचे दोघं ऐकत होते. मी येताना पायरी-पायरीला जे घोकलं होतं त्यातलं एवढंच बोललो. "ते पोलकं... माझा बेत चुकला होता."

तिनं गळ्यातला टेप सारखा केला. चेहऱ्यावर राग नव्हता, मायाही नव्हती.

"बेत चुकला नव्हता, नाना," ती म्हणाली. "तुम्ही माप घेतलंच नव्हतं."

आतून बाईनं हाक मारली, "सुमनताई, हात खाली करू का?"

"नका, आले," ती म्हणाली. मला म्हणाली, "चहा सांगते, बसा." आणि आत गेली. पडदा पुरता ओढला गेला नव्हता. फटीतून दिसत होतं, एक पोक्त बाई हात पसरून उभी, आणि सुमन तिच्याभोवती टेप फिरवून, मान वाकवून, आकडा नीट वाचत होती. वाचला, लिहिला, पुन्हा टेप लावून पाहिला.

चहा यायच्या आत मी जिना उतरलो.